रंगपेटी पुन्हा उघडताना : अनेक वर्षांनी जलरंगाकडे परतणाऱ्यांसाठी

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन या विषयांचे कागद रात्री जागून रंगवले आणि पुढे नोकरी, संसार, घरातली आजारपणे यांत ब्रश कधी हातातून सुटला ते कळलेही नाही, अशी माणसे महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. मी त्यांच्यापैकीच एक आहे. इंटरमिजिएटनंतर तब्बल एकतीस वर्षे मी एकही चित्र काढले नाही. हा लेख अशा माणसांसाठी आहे, विशेषतः ज्यांना एखाद्या पडत्या काळात जुन्या रंगांची आठवण होते, पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही त्यांच्यासाठी.

माझ्या बाबतीत तो पडता काळ म्हणजे महापूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि आमचे तळमजल्यावरचे घर पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा शाळेतल्या सगळ्या चित्रांचा एकच करडा लगदा झालेला होता. तळाशी पत्र्याची रंगपेटी होती. एका ट्यूबवरचा चिखल अंगठ्याने पुसल्यावर ‘बर्न्ट सिएना’ ही अक्षरे दिसली. ट्यूब दगडासारखी कडक होती. ब्लेडने ती उभी चिरली, आतल्या गोळ्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि ओल्या बोटाने चोळले, तर बोटावर तोच जुना तांबूस रंग उतरला. बर्न्ट सिएना हा रंग परंपरेने लोहयुक्त माती भाजून करतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. घरभर माती साचलेली असताना तो रंग पाहून मला काय वाटले, हे आजही नीट सांगता येत नाही. त्या रात्री एका पाठकोऱ्या कागदावर मी त्या रंगाचा एक पट्टा ओढला आणि झोपले. सकाळी उठल्यावर सर्वांत आधी तो पट्टा कसा वाळला आहे हे बघायला गेले. कित्येक दिवसांत ‘सकाळी उठून काहीतरी बघायचे आहे’ असे वाटण्याची ती पहिली वेळ होती, आणि चित्रकलेने मला दिलेली आशा तेवढीच, तशीच आहे. पुढच्या सगळ्या सूचना ही एवढी गोष्ट रोज घडावी यासाठी आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करते. चित्र काढणे हा आजारावरचा उपचार नाही. झोप, भूक आणि कामातले लक्ष आठवडेच्या आठवडे गेलेले असेल किंवा जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. रंग त्याच्या जोडीला असावेत, त्याच्या जागी नव्हे.

जुने साहित्य तपासून घ्यावे

नवे सामान आणण्यापूर्वी घरातले जुने काढून पाहावे. ट्यूबमधले जलरंग डिंकात कालवलेले असतात आणि डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. त्यामुळे वीस-तीस वर्षांपूर्वीची वाळलेली ट्यूबही बहुधा कामी येते. ती चिरून आतला गोळा पॅलेटच्या खणात किंवा औषधाच्या बाटलीच्या झाकणात ठेवावा, काम सुरू करण्याआधी दहा मिनिटे त्यावर पाण्याचे थेंब सोडावेत आणि केक रंगासारखा तो वापरावा. रंगावर बुरशी आली असेल किंवा त्याला वास येत असेल, तर मोह न ठेवता टाकून द्यावा. बाटलीतले पोस्टर रंग वाळले असल्यास ते पुन्हा सारखे कालवले जात नाहीत, त्यात कण राहतात. त्यांच्यावर वेळ घालवू नये.

जुन्या कागदाबाबत मात्र सावध राहावे. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, म्हणून पाणी काही काळ पृष्ठभागावर थांबते. दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कागदाची ही खळ निकामी होते आणि मग रंग टीपकागदात शिरावा तसा ठिपक्याठिपक्यांनी आत शिरतो. परतलेला माणूस हे पाहून हात बिघडला असे समजतो, आणि बिघडलेला असतो कागद. यासाठी कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. तो काही वेळ फुगीर राहिला तर कागद चांगला आहे, लगेच पसरून काळसर डाग पडला तर तो कागद पेन्सिलच्या सरावासाठी ठेवावा.

ब्रशचे केस झुरळांनी किंवा कसरीने खाल्लेले असतील, तर त्याचे टोक पुन्हा येत नाही. केस शाबूत असून नुसते कडक झाले असतील, तर कोमट पाणी आणि अंगाचा साबण यांनी धुवून, बोटांनी टोक जुळवून, आडवा ठेवून वाळवावा.

नवे काय घ्यावे

थोडेच पैसे असतील तर ते कागदावर घालावेत, असे माझे ठाम मत आहे. स्वस्त रंग चांगल्या कागदावर निभावून जातात, महाग रंग वाईट कागदावर निभावत नाहीत. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), किंचित खरखरीत पृष्ठभागाचा कागद घ्यावा, कारण त्याहून पातळ कागद पाणी लागताच फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. पूर्ण ताव महाग वाटत असेल तर त्याचे आठ तुकडे करावेत. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचा कागद सुरुवातीला पुरेसा आहे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेत चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो. त्याचा पोत सुंदर असतो, पण तो घेताना जलरंगासाठी हवा आहे असे सांगून घ्यावा, कारण सगळ्याच हातकागदाला पुरेशी खळ नसते.

रंग पाचच घ्यावेत : यलो ऑकर, गांबोज किंवा लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट सिएना. हिरवा आणि काळा मुद्दाम घेऊ नयेत. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून जो करडा मिळतो, त्यात निळा थोडा वाढवला की पावसाळी आभाळ होते, तांबूस वाढवला की भिजलेली भिंत होते आणि दोन्ही घट्ट घेतले की काळ्याचे काम भागते. चोवीस रंगांची पेटी समोर असली की माणूस रंग निवडत बसतो. पाच असले की मिसळू लागतो, आणि हरवलेली सवय ती मिसळण्याचीच असते. ब्रश दोन पुरतात : दहा नंबरचा गोल आणि पाच नंबरचा गोल. एक टू-बी पेन्सिल, मऊ रबर, पाण्यासाठी दोन भांडी आणि जुन्या सुती साडीचा तुकडा एवढ्यावर सामान संपते. दोन भांडी हवीतच. एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातले स्वच्छ पाणी रंगासाठी घ्यायचे.

जागेसाठी स्वतंत्र खोलीची वाट पाहू नये. उजेड डावीकडून येईल अशी खिडकीजवळची एक जागा ठरवावी (डावऱ्यांनी उजवीकडून) आणि सामान तिथेच मांडलेले राहू द्यावे. दरवेळी कपाटातून काढून पुन्हा आवरून ठेवायचे असेल, तर थकलेला माणूस आठ दिवसांत कंटाळतो. जेवणाच्या टेबलाशिवाय जागा नसेल, तर सगळे एका ताटात ठेवावे, म्हणजे ताट उचलले की झाले.

पहिला आठवडा : फक्त पेन्सिल

या आठवड्यात जी निराशा येते तिची कल्पना आधीपासून असावी. ब्रश सुटला तरी बघणे सुटलेले नसते. इतक्या वर्षांत आपण चित्रे पाहिलेली असतात, ऊन आणि सावल्या न्याहाळलेल्या असतात, त्यामुळे नजर पुढे गेलेली असते आणि हात नववीच्या वर्गातच थांबलेला असतो. म्हणून पहिली चित्रे आपल्यालाच फार वाईट दिसतात. हे नजर तयार असल्याचे लक्षण आहे, आणि हाताला तिच्यापर्यंत यायला काही आठवडे लागतात.

रोज वीस मिनिटे, एकच वस्तू. पहिले तीन दिवस कागदाकडे न पाहता रेषा काढावी. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगी चालावी तशी सावकाश फिरवायची आणि त्याच वेगाने पेन्सिल चालवायची. कागदावर जे उमटेल ते वेडेवाकडे असेल आणि तसेच असू द्यावे. इथे सराव बघण्याचा आहे. आपण बहुतेक वेळा वस्तू न बघता तिची मनातली खूण काढत असतो, ती सवय या सरावाने मोडते. चौथ्या दिवसापासून कागदाकडे पाहून काढावे, पण रबर वापरू नये. चुकलेली रेषा राहू द्यावी आणि शेजारून बरोबर रेषा काढावी. रबराने जलरंगाच्या कागदाचा पृष्ठभाग उसवतो आणि पुढे रंग तिथेच गडद धरतो, हेही एक कारण आहे.

हात थरथरत असेल तर मनगट टेकवून काढण्याऐवजी खांद्यापासून हात हलवावा आणि पेन्सिल मागच्या टोकाकडे धरावी. रेषा थोडी मोठी येते, पण सलग येते.

दुसरा आठवडा : पाणी

जलरंगात हात बसतो तो वॉशने, म्हणजे पाण्यात पातळ कालवलेल्या रंगाचा एकसारखा थर देण्याने. ड्रॉइंग बोर्डाखाली, किंवा बोर्ड नसेल तर जाड पुठ्ठ्याखाली, एक पुस्तक ठेवून त्याला किंचित उतार द्यावा. वाटीभर रंग आधीच कालवून ठेवावा, मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही. मोठा ब्रश भरून वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढावी. खालच्या कडेला रंगाचा ओघळ साचतो, पुढच्या ओळीने तो ओघळ उचलून खाली न्यावा आणि शेवटी निथळलेल्या ब्रशने टिपून घ्यावा. झाल्यावर हात मागे घ्यावा, हे सर्वांत कठीण. अर्धवट वाळलेल्या रंगात पुन्हा ब्रश घातला की तिथे फुलकोबीसारखा डाग उमटतो, आणि तो दुरुस्त करायला जावे तसतसा पसरत जातो.

वाळले की नाही हे डोळ्यांनी नीट कळत नाही. चकाकी गेली तरी कागद आतून ओला असतो. हाताची मागची बाजू कागदाजवळ नेऊन हलकेच टेकवावी. गार लागला तर अजून थांबावे. मे महिन्यात आमच्याकडे वॉश पाच मिनिटांत वाळतो, इतक्या लवकर की ओळी जुळायच्या आधीच कडा पडतात. अशा वेळी कागद आधी स्वच्छ पाण्याने ओलावून घ्यावा. जुलैत तोच वॉश तासभर ओला राहतो आणि कोकणात त्याहूनही जास्त. तेव्हा रंगात पाणी कमी घ्यावे आणि दोन कागद शेजारी ठेवून आळीपाळीने काम करावे. वाळल्यावर जलरंग बराच फिका दिसतो, म्हणून ओला असताना जरा जास्तच गडद वाटेल इतका रंग घ्यावा.

पांढरा राखणे

पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. जो पांढरा हवा तो कागदाचा, आणि तो पहिल्या वॉशपासून राखून ठेवावा लागतो. एकदा रंग चढला की तो कागद पूर्वीसारखा पांढरा होत नाही. हे समजण्यासाठी सावळाराम हळदणकरांचे एक चित्र पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगते. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेल्या या चित्रकाराने १९४५-४६ च्या सुमारास हातात समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र काढले. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाते आणि अनेक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. त्यासाठी हळदणकरांची मुलगीच समोर उभी राहिली होती. तिने ज्योतीपुढे एक हात आडवा धरला आहे आणि बोटांच्या फटींतून तांबूस उजेड झिरपतो आहे. हे तैलचित्र नसून जलरंगातले काम आहे, हे लक्षात आले की त्याच्याकडे पाहण्याची तऱ्हाच बदलते. समईचा तो उजेड साध्य होतो आजूबाजूचा अंधार थराथराने गडद करत नेल्यामुळे. छापील प्रत मिळाली तरी डोळे बारीक करून तिच्याकडे पाच मिनिटे पाहावे आणि सर्वांत उजळ जागा किती लहान आहे ते मोजावे.

पहिले चित्र : तांब्या

मी पहिले चित्र पितळी तांब्याचे काढले, तोही पुरातून निघालेला, एका बाजूने पोचा आलेला. पितळी भांडे सुरुवातीला चांगले, कारण पाचांपैकी तीनच रंगांत ते होते आणि पांढरा राखायला शिकावे लागते.

तांब्या नजरेच्या थोडा खाली ठेवून खिडकीचा उजेड एका बाजूने पडू द्यावा. आधी मधोमध एक उभी रेषा काढून दोन्ही बाजू तिच्याशी ताडून पाहाव्यात. तोंडाचा आणि तळाचा लंबगोल सारखाच काढणे ही नेहमीची चूक असते. नजरेपासून जितके खाली जावे तितका लंबगोल अधिक गोल दिसतो, म्हणून तोंड चपटे आणि तळ त्याहून फुगीर येतो. लंबगोलाला दोन टोकांशी कोन नसतात, तिथे तो वळतो. पोचा असेल तर तो काढावाच. मी आधी तो टाळून तांब्या अखंड काढला होता, आणि तो कोणाच्याही घरचा वाटत होता.

पहिला वॉश यलो ऑकरचा, पातळ, सगळ्या भांड्यावर, पण पोटावरची खिडकीची चमक आणि काठावरची एक बारीक रेघ कोरडी सोडून. तो वाळल्यावर सावलीच्या बाजूला बर्न्ट सिएना, उजेडाकडे येताना स्वच्छ पाण्याच्या ब्रशने कडा मऊ करत. त्यानंतर सर्वांत गडद जागांना अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएनाचे मिश्रण : गळ्याखाली, पोच्याच्या खळग्यात आणि तळ टेबलाला टेकतो तिथे. पडलेली सावली एकाच वॉशमध्ये संपवावी आणि तिच्यात भांड्याचा पिवळा थोडा मिसळू द्यावा. हे तीन वॉश एका बैठकीत करू नयेत, तीन दिवसांत करावेत.

हे मी केवळ वाळण्यासाठी सांगत नाही. काम रंगात आले असतानाच उठावे, पुढचा वॉश कोणता हे पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे आणि ब्रश धुवून टाकावा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदासमोर बसायला जेवढे बळ लागते, त्याच्या चौथ्या हिश्श्यानेही अर्धवट चित्रासमोर बसता येते. ज्या दिवशी मन अजिबात लागत नाही, त्या दिवशी नुसता कागद हातात घेऊन मागची नोंद वाचली तरी चालते. बहुतेक वेळा हात आपोआप पाण्याकडे जातो. चित्र पूर्ण झाले तर त्याच दिवशी पुढच्या वस्तूची फिकी बाह्यरेषा काढून ठेवावी, म्हणजे टेबल कधी रिकामे राहत नाही.

वयाची अडचण सांगणाऱ्यांसाठी एवढेच : रवींद्रनाथ टागोर चित्रकलेकडे गंभीरपणे वळले ते साठी ओलांडल्यावर, हस्तलिखितांतली खाडाखोड जोडता जोडता. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन झाले आणि त्यांच्या मागे दोन हजारांहून अधिक चित्रे राहिली.

दाखवणे आणि पाहणे

पहिले चाळीस दिवस चित्र कोणालाही दाखवू नये, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकू नये. निंदेपेक्षा कौतुकाचा त्रास अधिक होतो, कारण दुसऱ्या दिवसापासून आपण कौतुक मिळेल असे चित्र काढू लागतो. मात्र चित्र फाडूही नये. मागे तारीख घालून फाइलमध्ये ठेवावे आणि चाळीस दिवसांनी सगळी एकदम जमिनीवर मांडावीत. हात कुठे सैल झाला ते तेव्हा दिसते.

दुसऱ्यांची चित्रे मात्र पहिल्या दिवसापासून पाहावीत, आणि शक्यतो मूळ चित्रे. मुंबईच्या जहांगीर कलादालनात आत जायला पैसे पडत नाहीत. सातारा जिल्ह्यात औंधला, स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी संग्रहालय तर आमच्याकडच्या लोकांनी एक दिवस काढून पाहावेच. जवळ जाऊन कडा बघाव्यात, चित्रकाराने कुठे हात थांबवला आहे ते शोधावे.

चित्रे जपणे

वाळलेल्या दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, आत ओल धरली की पावसाळ्यात बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून, सोबत सुकवलेला कडुलिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात. गोळ्या कागदाला चिकटू नयेत म्हणून पुरचुंडीत बांधाव्यात. दिवाळीच्या आधी एकदा सगळी चित्रे काढून सावलीत वारा द्यावा, उन्हात क्रिमसन उडतो. फाइल जमिनीवर किंवा पलंगाखाली ठेवू नये. आमच्या घरात २०१९ च्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून पुसट दिसते, आणि २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले तेव्हा आम्ही सर्वांत आधी धान्याचे डबे आणि चित्रांची फाइल माळ्यावर नेली. ती तेव्हापासून तिथेच, त्या रेघेच्या वर आहे. खाली टेबलावर फक्त चालू असलेला एक कागद असतो.